तळमजला अधिक एक आणि गोळा

तैपेईची एकशे एक मजल्यांची इमारत भूकंपात का पडत नाही, हे अख्ख्या तलासरीत एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्याच माणसाची बायको त्याच्या तळमजला अधिक एक अशा घरात पाऊल टाकायला तयार नव्हती. दैव हिशेब असा मांडतं. ज्ञान जमेला, संसार खर्चाला.

पंचायत समितीतून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले विष्णू तांडेल हे ते गृहस्थ. धक्के सुरू झाले नोव्हेंबरात. आधी जमिनीच्या पोटात कोणीतरी रिकामं पिंप लोटल्यासारखा आवाज व्हायचा, मग मांडणीवरची भांडी बोलायला लागायची, आणि माणसं समजून घेईपर्यंत सगळं शांत. पहिल्या धक्क्याला नयनाबाई उशी घेऊन अंगणात गेल्या. पुढच्या धक्क्याला उशीमागून गादी गेली. मग गॅसची शेगडी, मग टीव्ही, आणि जानेवारीत एकदा दिवसाउजेडी सलग दोनदा हादरल्यावर देवसुद्धा देव्हाऱ्यासकट बाहेर आले. काही बाया घर सोडून जातात. नयनाबाईंनी घर सोडलं नाही. त्यांनी ते थोडं थोडं करून आपल्याकडे बोलावून घेतलं.

अंगणात चार बांबूंवर निळी ताडपत्री टाकून त्यांचा मांडव उभा होता. आत एक पाऊल न टाकता स्वयंपाकघरातली भांडी काढता यावीत म्हणून त्यांनी खिडकीची लोखंडी जाळी सुक्या नावाच्या गवंड्याकडून उचकटून घेतली होती आणि तीच जाळी चुलीवर टाकून तिच्यावर त्या बोंबील भाजत. मांडवात दोन खाटा मायलेकींच्या, आणि तिसरी एक भिंतीकडेला, जिच्यावर कायम काहीतरी वाळत घातलेलं असे. कधी पापड, कधी सोडे. शेजारच्या भोये गुरुजींनी ती खाट मागितली तेव्हा नयनाबाई म्हणाल्या, "ती नाही देता येणार गुरुजी, तिला काम आहे." पापड जमिनीवर वाळत नाहीत का, असा प्रश्न गुरुजींच्या चेहऱ्यावर आला, पण गुरुजी शेजारधर्म पाळणारे होते.

तांडेल साहेब मात्र घरातच झोपत. सिमेंटच्या प्रत्येक गोणीवर स्वतः उभं राहून बांधलेलं घर सोडून ताडपत्रीखाली जायचं म्हणजे स्वतःच्या सहीवर स्वतःच शंका घेण्यासारखं होतं. त्यातून वाऱ्याने मांडवाचा एक कोपरा रोज उचलला जाई आणि नयनाबाई रोज हाक मारत, "अहो, या दोराला बांधायला काहीतरी जड द्या ना." साहेब आतून म्हणत, "बघतो." सरकारी नोकरीत ज्याने हा शब्द वापरला, त्याने आयुष्यात कधीच काही बघितलेलं नसतं.

असं चाललं होतं ते चाललंही असतं. पण मुलीला, श्रुतिकाला, बघायला डहाणूचे पागधरे येणार असं ठरलं. पागधरे म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर, भारदस्त माणूस. मुलगा निकेत वापीला कंपनीत. श्रुतिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची शाळाही तेव्हा आंब्याखाली भरत होती.

"पाहुणे मांडवात बसतील," नयनाबाई म्हणाल्या.

"पाहुणे घरात बसतील," साहेब उंबऱ्याच्या आतून म्हणाले. हल्ली त्यांचा सगळा संसार उंबऱ्याच्या आर-पार चाले. "स्टेशनमास्तर माणूस, त्याला काय दुष्काळी कामावर आल्यासारखं ताडपत्रीखाली बसवायचं? उद्या म्हणतील, तांडेलांचं घर राहण्यालायक नाही."

"मग राहण्यालायक करा. धक्का आला तरी काही होणार नाही असं करून दाखवा, मी स्वतः आत येईन, चहाचा ट्रे घेऊन. आणि मग माझी गादीही आत येईल. नाही तर पाहुणे इकडे."

एवढंच. पाहुण्यांना दोन आठवडे अवकाश होता. साहेबांनी आव्हान स्वीकारलं आणि खुर्ची ओढून मोबाइलवर जगातल्या ऑफिसच्या उत्तुंग इमारतींचा अभ्यास सुरू केला.

खरं तर अभ्यास जुना होता. मुलगा देवेश मुंबईत परळला एका काचेच्या बुरुजात सत्ताविसाव्या मजल्यावर कामाला. साहेब एकदा त्याचं ऑफिस बघायला गेले होते. आल्यावर त्यांनी ते वर्णन बाजारात महिनाभर पुरवून वापरलं: बटण न दाबता येणारी लिफ्ट, आपोआप फिरणारं दार, खिडकी न उघडणाऱ्या भिंती. एक गोष्ट तेवढी वगळली. वर गेल्यावर देवेश म्हणाला होता, "बाबा, वारा असला की बिल्डिंग थोडी हलते हां, डिझाइनच तसं असतं," आणि साहेबांना एकदम आपल्या गावची, वरोरची खाडी आठवली. तांडेलांच्या सात पिढ्या होड्या हाकत आल्या. पण विष्णूला होडी खाडीबाहेर पडली की ओकारी यायची, म्हणून तर तो सरकारी नोकरीत आला. सत्ताविसाव्या मजल्यावरच्या चकचकीत कचरापेटीचं पुढे काय झालं, ते देवेशने कोणाला सांगितलं नाही. मुलगा गुणी आहे.

तेव्हापासून साहेब इमारतींकडे अधिकाऱ्याच्या नजरेने बघू लागले. नविनभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात स्टुलावर बसून ते प्रत्येक इमारतीचा गोपनीय अहवाल तोंडी सादर करत.

"लंडनची घ्या. काकडीसारखी आहे. गोल असल्याने वारा घसरून जातो. वरून लोखंडाच्या तिरक्या पट्ट्या, जाळीदार. शेरा काय? वर्तणूक सौम्य, उंची बेताची. शांघायची दुसऱ्या प्रकारातली. पिळून काढलेल्या पंच्यासारखी वळलेली, वाऱ्याला पकडायला जागा नाही. महत्त्वाकांक्षी, पण सरळ नाही. शांघायचीच आणखी एक, तिच्या डोक्याशी मोठं भोक. वारा आरपार. अशी माणसं आमच्या खात्यात पुष्कळ होती."

"ने आ तैपेईवाली?" नविनभाई खिळे तोलता तोलता विचारत. त्यांचा जन्म तलासरीतला, पण हिशेब आणि कुतूहल ते गुजरातीत करत.

"ती वेगळी. बांबूच्या पेरांसारखी चढत गेलेली. आणि वरच्या मजल्यांत सहाशे साठ टनांचा गोळा टांगलाय. इमारत इकडे झुकली की गोळा तिकडे ओढतो. एवढी जबाबदारी दुसरी कुठली इमारत घेते? पदोन्नतीस सर्वथा पात्र."

"सहाशे साठ टन," नविनभाईंनी हातातले खिळे खाली ठेवले. "साहेब, तेवढा माल माझ्याकडे नाय. ऑर्डर द्यावी लागेल."

घराच्या बाबतीत साहेबांनी तिन्ही लोकांतलं चांगलं तेवढं घ्यायचं ठरवलं. जपानकडून रबराचा पाया, लंडनकडून तिरक्या पट्ट्या, तैपेईकडून गोळा. देवेशला फोन केला, तर पोरगं फाटे फोडायला लागलं.

"बाबा, तो गोळा मुख्यतः वाऱ्यासाठी असतो. उंच बिल्डिंगा वाऱ्याने डोलतात ना, त्यासाठी. आपल्या घराला कुठला वारा लागतोय?"

"हलणं ते हलणं. वाऱ्याने हललं काय आणि जमिनीने हललं काय, घराला काय कळतंय?"

"आणि आई काय म्हणते?"

"तिला सरप्राइज आहे," साहेब म्हणाले. खिडकीबाहेर दोन हातांवर नयनाबाई कोळंबी सोलत सगळं ऐकत होत्या.

काम रीतसर व्हावं म्हणून साहेब आधी तहसील कचेरीत गेले. तिथे भूकंपाचं वेगळं टेबल लागलेलं. टेबलावरच्या मुलाने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि म्हणाला, "साहेब, पडलेल्या घराचा अर्ज आहे आपल्याकडे. तडे गेलेल्या घराचा आहे. तंबूचा आहे. पण न पडणाऱ्या घराचा नाही."

"अहो पण मी खबरदारी घेतोय. त्याची नोंद नको?"

"नोंद घ्यायला आधी काहीतरी व्हायला लागतं ना, साहेब."

हे वाक्य साहेबांनीच बत्तीस वर्षं वेगवेगळ्या लोकांना ऐकवलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते टेबलाच्या या बाजूने ऐकलं. या बाजूने ते बरंच वेगळं लागतं. पण स्वाभिमानाला ठेच लागलेला माणूस मागे फिरत नाही. तो नविनभाईंच्या दुकानात जातो.

रबराच्या पायासाठी घर उचलणं शक्य नव्हतं, एवढं साहेबांनाही कळत होतं. निदान पाहुणे बसतील तो सोफा तरी रबरावर असावा. नविनभाईंकडे रबराचे पॅड नव्हते. "पण रबराची चाकं आहेत, जुओ. ट्रॉलीची. रबर तो रबर, ने वरून फिरतंय पण. जपानवाल्याला पण हे सुचलं नाय." माणसाला आपल्याला हवं ते नाही मिळालं, की जे मिळालं ते हवंच होतं असं वाटू लागतं, आणि साऱ्या दुकानदारीचा पाया हाच आहे. सोफ्याला चार चाकं लागली.

लंडनच्या पट्ट्यांचं काम सुक्या गवंड्याकडे आलं. मागच्या भिंतीवर लोखंडी अँगलची फुली मारायची. सुक्या फूटपट्टी लावून बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, मोरीचं बाहेरचं दार मधी येतंय."

"दार म्हणजे भिंतीतला सगळ्यात कमजोर भाग, सुक्या. लंडनला काय केलंय माहितीये?"

"तिकडं मागच्या दाराने मच्छीवाली येत नसंल," सुक्या म्हणाला आणि दारावरून फुली मारून मोकळा झाला. मागचं दार बंद. मच्छीवाली जमना दुसऱ्या दिवशी येऊन फुलीकडे बघून गेली आणि तिने सगळ्या आळीत सांगितलं, की तांडेलांच्या घरावर सरकारने फुली मारली, आता पाडणार.

त्या दिवसापासून लोक सहानुभूतीने भेटायला येऊ लागले. भोये गुरुजी म्हणाले, घर जाऊ दे, माणसं सलामत आहेत ना. कोणी म्हणालं, विवळवेढ्याला महालक्ष्मीला नवस बोला काहीतरी. साहेब प्रत्येकाला लंडनची काकडी समजावून सांगत आणि लोक हळहळत बाहेर येऊन नयनाबाईंना हळूच विचारत, "साहेबांनी मनाला लावून घेतलंय का हो?"

"नाही," नयनाबाई म्हणत, "ते घराला लावतायत."

राहिला गोळा. तैपेईच्या प्रमाणात हिशेब केला तर घराला दोन क्विंटलचा पुरत होता. साच्याला सुक्याने मोठा मातीचा रांजण आणला, त्यात सळ्या उभ्या केल्या, हूक बसवला आणि काँक्रीट ओतलं. साहेब रोज त्याच्यावर पाणी मारत. नयनाबाई खिडकीतून पातेलं काढता काढता म्हणाल्या, "नशीबवान आहे हो. त्याला तरी वेळच्या वेळी पाणी मिळतंय." रांजण फोडला तेव्हा आतून जे निघालं ते गोल नव्हतं. खाली फुगीर, वर देठाकडे निमुळतं, रंगाने तपकिरी. घोलवडच्या मातीत एवढा चिकू लागला असता तर बागाईतदाराचा सत्कार झाला असता. आळीने त्याचं नाव चिकू ठेवलं ते कायमचंच.

टांगायला वरोरहून नयनाबाईंचा भाऊ सुनिल आला. येताना नांगराची साखळी आणि होडीवरची कप्पी घेऊन आला. तांडेलांच्या घरात हॉलमधून घोड्याच्या नालासारखा वळत जाणारा जिना होता. मधल्या पोकळीत साहेबांच्या मनात झुंबर होतं. प्रत्यक्षात तिथे कांद्याच्या माळा लटकत. माळा गेल्या, चिकू चढला. साखळी वरच्या बीमवरून कप्पीतून खाली आणून सुनिलने जिन्याच्या कठड्याला, खलाशी बांधतात तशा गाठीने बांधली.

"भावोजी, एक विचारू? होडीत वजन तळाला ठेवतात. तुम्ही डोक्यावर का ठेवलंय?"

"होडी आणि इमारत यात फरक आहे, सुनिल."

"आहे ना. होडीत तुम्ही बसत नाही."

साहेबांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. त्या दुपारी त्यांनी जिन्यावर बसून चिकूला हलका धक्का देऊन पाहिलं. चिकू संथपणे गेला, संथपणे आला. गेला, आला. साहेबांना खाडी आठवली आणि ते लगबगीने मोरीकडे गेले. पण वैज्ञानिक प्रयोगात संशोधकाला थोडा त्रास व्हायचाच.

पाहुण्यांचा रविवार उजाडला. स्टेशनमास्तर पागधरे, त्यांच्या मिसेस आणि निकेत अशी मंडळी आली. मांडवाकडे वळू पाहणाऱ्या पाहुण्यांना साहेबांनी हाताला धरून घरात आणलं. पागधरे सोफ्यावर बसले, आणि सोफा त्यांना घेऊन सावकाश भिंतीपर्यंत गेला.

"सिग्नल नसताना सुटली," पागधरे म्हणाले.

"रबराचा पाया आहे," साहेब म्हणाले. "जपानची पद्धत."

सुनिलने सोफा ढकलत परत जागेवर आणला. मिसेस पागधरे मघापासून वर बघत होत्या. "हे काय, नवसाचं आहे का काही?"

झालं. साहेबांनी तैपेईपासून सुरुवात केली, शांघायवरून पिळत लंडनला आले आणि इमारतींचे गोपनीय अहवाल एकामागून एक पाहुण्यांपुढे ठेवले. निकेत मन लावून ऐकत होता, की श्रुतिकाकडे बघत होता, ते सांगणं कठीण. दोन्हीसाठी एकाच दिशेला बघावं लागत होतं. पागधरेंनी एकच प्रश्न विचारला, "आणि ह्यामुळे तुम्ही सगळे घरात राहता?"

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात नयनाबाई उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात चहाचा ट्रे. उंबऱ्याच्या बाहेर.

हा क्षण साहेबांना पुढे अनेकदा आठवला. त्या थांबल्या, वर टांगलेल्या चिकूकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर हसू होतं की दया, हे एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही सांगता आलं नसतं. आणि दिल्या शब्दाला जागून, नव्या नवरीसारखा, त्यांनी उजवा पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

जमिनीखाली पिंप लोटलं.

नयनाबाईंनी पाय काढून घेतला. चहाचा एक थेंब सांडला नाही.

धक्का लहान होता. असल्या धक्क्यांना आळीतले लोक हातातली वाटीही खाली ठेवत नसत. पण पाहुणे डहाणूचे, त्यांना इतक्या जवळच्या धक्क्याची सवय नव्हती. पागधरे ताडकन उठले. त्यांच्या उठण्याचा सगळा जोर मागे सोफ्याला मिळाला. सोफा जपानी पद्धतीने सुटला आणि जिन्याच्या कठड्यावर जाऊन आदळला. कठडा वाकला, खलाशी गाठ निसटली, कप्पी भिरभिरली आणि चिकू खाली आला. फरशी फुटली. चिकू क्षणभर विचार केल्यासारखा थांबला. मग घराच्या उताराने, जो साहेबांनी पाणी बाहेर जावं म्हणून स्वतः ठेवून घेतला होता, गडगडत गेला, आतल्या बाजूला उघडणारं पुढचं दार ढकलून बंद केलं आणि त्याला टेकून बसला.

एवढं होईपर्यंत धरणी कधीच शांत झाली होती.

"मागचं दार," पागधरे ओरडले.

"लंडन," साहेब म्हणाले.

जपानने सोडलं, तैपेईने अडवलं, लंडनने कोंडलं. जगातल्या तीन थोर इमारतींनी एकमेकींना इतकी मनापासून साथ दिल्याचं दुसरं उदाहरण नसेल. दोन क्विंटलचा चिकू उतारावर दाराला टेकलेला. सुनिलने जोर लावून पाहिला, पण फुटलेल्या फरशीवर पाय ठरेना. आणखी एक धक्का येईल या भीतीने मिसेस पागधरे रामरक्षा म्हणत होत्या आणि मधेच "मी सांगितलं होतं वापीच्या स्थळाला जाऊ" हे त्यात मिसळत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून रोजची, घरगुती हाक आली. "इकडे या सगळे. खिडकीतून."

जाळी नसलेल्या खिडकीत नयनाबाई उभ्या होत्या. गेले तीन महिने ज्या वाटेने कुकर आणि पातेली निघत, त्या वाटेने त्यांनी आधी मिसेस पागधरेंना काढलं. मग स्टेशनमास्तर. आतून सुनिल ढकलत होता, बाहेरून नयनाबाई आणि भोये गुरुजी ओढत होते. पागधरे कमरेशी अडकले. अर्धे घरात, अर्धे अंगणात. समोर तोपर्यंत आळी जमलेली होती आणि पुढच्याच रांगेत नविनभाई.

"जोर लाव ताई," सुनिल आतून ओरडला. "एवढा घोळ मासा आपल्या जाळ्यात कधी आला नव्हता."

"तोंड सांभाळ, व्याही आहेत," नयनाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की अजून तसं काही ठरलेलं नाही.

पागधरे सुटले. मागून सुनिल आला, साहेब आले. स्वतःच्या घरातून खिडकीवाटे बाहेर पडताना प्रतिष्ठेने कुठला पाय आधी टाकायचा, याचा शिष्टाचार कुठेही लिहिलेला नाही. साहेब पाठमोरे उतरले.

"पोरं कुठेत?" मिसेस पागधरेंनी विचारलं.

पोरं घरातच होती. धक्का बसताच श्रुतिकाने वर्गात सांगते तसं खणखणीत आवाजात सांगितलं होतं, "सगळ्यांनी टेबलाखाली, डोक्यावर हात." शाळेत पोरांची हीच तालीम ती रोज घेत असे. कोणी लक्ष दिलं नाही. निकेत मात्र मुकाट जेवणाच्या टेबलाखाली जाऊन डोक्यावर हात घेऊन बसला होता. श्रुतिकाही बसली. खिडकीत वाकून पाहिलं तेव्हा दोघं डोक्यावर हात ठेवून निवांत बोलत होती.

"निघा आता," नयनाबाई म्हणाल्या.

"आई, आलो. ते विचारतायत, तालीम संपली का."

मांडवात चहा झाला. पोहे झाले. त्या जाळीवर बोंबील भाजले गेले, ते पागधरेंनी दोनदा मागून घेतले. मग ते शर्टाचं निघालेलं बटण हातात घेऊन बसले. साहेब त्यांच्यासमोर, पण त्यांच्याकडे न बघता. फुटलेल्या फरशीचं त्यांना काही नव्हतं. मुलीचं स्थळ गेलं आणि ते आपण टांगून घालवलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"श्रुतिका," नयनाबाई हळूच म्हणाल्या, "तुझं काय?"

"आई, पंचवीस पोरांच्या वर्गात पण पहिल्या हाकेला कोणी ऐकत नाही."

पागधरेंनी बटण खिशात टाकलं. "तांडेल साहेब, आमच्याकडे गाडी घसरली की चौकशी होते. मी आज चौकशी करणार नाही. पण पहिल्याच भेटीत खिडकीतून काढलेला माणूस दारातून परत यायचा असेल तर त्याला व्याहीच करून घ्यावं लागेल. मांडव तर तुमच्याकडे आयताच आहे."

सोमवारी तलाठी मॅडम पंचनाम्याला आल्या. कोणीतरी कळवलं होतं, की भूकंपात तांडेलांचं घर आतून कोसळलं. त्यांनी भिंती तपासल्या. कुठेही तडा नव्हता. घर खरोखर चांगलं बांधलेलं होतं, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. मग त्यांनी फरशी, कठडा आणि दार पाहिलं.

"साहेब, भूकंपाने झालेलं नुकसान काय लिहू?"

साहेब एक शब्द बोलले असते तर कागदावर काहीही चढलं असतं. ते गोळ्याकडे बघत राहिले. निवृत्त झाला तरी माणूस रकान्यांचं इमान सोडत नाही.

"निरंक लिहा," ते म्हणाले.

संध्याकाळी वारा सुटला. सुनिलने वरोरला जाण्याआधी दार मोकळं केलं होतं आणि चिकू अंगणात आणून ठेवला होता. ताडपत्रीचा तो कोपरा नेहमीसारखा उचलला गेला. साहेब पायरीवर बसले होते. ते उठले, कुणी हाक न मारता. कोपऱ्याचा दोर धरला, चिकूच्या हुकातून ओवला आणि ओढून दोन गाठी मारल्या. ताडपत्री दोनदा फडफडली, चिकूला ओढून पाहिलं, आणि गप्प झाली.

"वाऱ्यासाठीच असतो तो," साहेब म्हणाले. "मुख्यतः."

नयनाबाईंनी तिसऱ्या खाटेवरचे पापड गोळा करून डब्यात भरले, खाट झटकली आणि देव्हाऱ्यामागून एक गादी काढून तिच्यावर पसरली. गादी साहेबांचीच होती. ती घरातून कधी गेली हे साहेबांना कळलंच नव्हतं. नोव्हेंबरपासून ते सतरंजीवर झोपत होते आणि पाठ दुखते म्हणून भूकंपाला दोष देत होते.

साहेब आडवे झाले. डोक्यावर निळी ताडपत्री हळूहळू खालीवर होत होती, बांबू कुरकुरत होते.

"डोलतंय," नयनाबाई म्हणाल्या. "मळमळतंय का? बादली ठेवू?"

"डोलू दे," साहेब म्हणाले. "डिझाइनच तसं आहे."